कुंभाराच्या घरची एक रात्र



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा, असा मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. इतिहास म्हटला की आपण सनावळ्या काढतो. विहाराची जागा कधी मिळाली, पत्र्याची शेड कधी झाली, स्लॅब कधी पडला. ते सगळे अहवालात आलेच आहे. मला लिहायचे आहे ते एका रात्रीबद्दल. ही रात्र अडीच हजार वर्षांपूर्वी राजगृहात एका कुंभाराच्या घरी गेली. आपल्या वस्तीतल्या एका रात्रीशी तिचा संबंध आहे, तो शेवटी सांगेन.

तथागतांनी पंचेचाळीस वर्षे धम्म सांगितला तो एका जागी बसून नव्हे. पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास, आणि उरलेले महिने चारिका. चारिका म्हणजे पायी फिरणे. वाटेत गाव लागले तर भिक्षा, आणि दिवस मावळला की जिथे जागा मिळेल तिथे मुक्काम. आज आपण भन्तेजींना बोलावतो तेव्हा आधी तारीख ठरते, पत्रिका छापली जाते, स्टेशनवर कोणी न्यायला जायचे तेही ठरते. त्या काळी यातले काहीच नव्हते. उपदेश करणारा माणूस संध्याकाळी कोणाच्या दारात उभा राहील हे त्याचे त्यालासुद्धा ठाऊक नसे.

सुरुवातीला तर भिक्खूंना राहायला विहारच नव्हते. विनयपिटकातील चुल्लवग्गात वर्णन आहे की भिक्खू झाडाखाली, डोंगरकपारीत, गुहेत, स्मशानात, उघड्यावर, गवताच्या गंजीत रात्र काढीत आणि सकाळी तिथून निघून येत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने हे पाहिले. आपण निवास बांधून दिले तर तुम्ही त्यात राहाल काय, असे त्याने विचारले. भगवंतांची परवानगी मिळाल्यावर त्याने एका दिवसात साठ निवास उभे केले. आता हे कोणाच्या नावाने करायचे? भगवंतांनी त्याला सांगितले की हे चारी दिशांच्या संघाला दे, जे आले आहेत त्यांना आणि जे अजून यायचे आहेत त्यांनाही. बंधूंनो, हे जरा थांबून वाचा. साठ खोल्यांचे मालक कोण, तर जे अजून आलेलेच नाहीत तेसुद्धा!

हीच भाषा पुढे आपल्या महाराष्ट्रातील लेण्यांच्या शिलालेखांत आली. नाशिक, कार्ले, कान्हेरी इथल्या दानलेखांत 'चातुदिस' भिक्खुसंघाला दान दिल्याचे कोरलेले आहे. कान्हेरीला आपल्यापैकी बहुतेकजण मुलाबाळांसह सहलीला गेले असतील. तिथे खोल्यांमधून दगडी ओटे आहेत आणि बाहेर पाण्याची टाकी खोदलेली आहेत. लेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हणतात. निजायला ओटा आणि प्यायला पाणी, वाटसरू भिक्खूला आणखी काय पाहिजे? नाशिकच्या लेखात उषवदाताने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी वाटसरूंसाठी निवारे बांधल्याची नोंद आहे. शूर्पारक म्हणजे आपले नालासोपाऱ्याजवळचे सोपारे.

अर्थात मुक्काम म्हटला की भानगडीही आल्या. आळवी नगरात धम्मश्रवणाला आलेले उपासक रात्री सभागृहातच झोपले आणि नवखे भिक्खूही त्यांच्याबरोबर तिथेच आडवे झाले. झोपेत कोणाचे वस्त्र सरकलेले, कोण बडबडतोय, कोण घोरतोय! लोकांत चर्चा झाली आणि नियम झाला की उपसंपदा न झालेल्याबरोबर भिक्खूने एका छपराखाली झोपू नये. आता या नियमाचा फटका कोणाला बसला? तर लहानग्या राहुलला. तो तेव्हा श्रामणेर होता. कौशांबीला भिक्खूंनी त्याला सांगितले की बाबा, नियम झाला आहे, तुझी सोय तू पाहा. पोराने जाऊन शौचकुटीत रात्र काढली. पहाटे भगवान तिकडे गेले, बाहेरून खाकरले. आतूनही कोणीतरी खाकरले. कोण आहे म्हणून विचारले तर उत्तर आले, मी राहुल. त्यानंतर भगवंतांनी नियम सैल केला आणि दोन-तीन रात्रींपर्यंत एकत्र निजायला मोकळीक दिली. बाप म्हणून त्यांना काय वाटले ते विनयपिटकात लिहिलेले नाही. नियम बदलला एवढेच लिहिले आहे.

आणि खुद्द भगवंतांना तरी जागा सहज मिळत होती का? अंगुत्तर निकायात एक प्रसंग आहे. चारिका करीत ते कपिलवस्तूला आले. कपिलवस्तू म्हणजे त्यांचे स्वतःचे गाव, तिथेच ते लहानाचे मोठे झाले. महानाम शाक्याला त्यांनी सांगितले की आज एक रात्र राहता येईल अशी जागा बघ. महानाम साऱ्या कपिलवस्तूत हिंडला आणि हात हलवीत परत आला. योग्य अशी जागा सापडली नाही! शेवटी भरण्डु कालाम नावाचा एक जुना सब्रह्मचारी होता, त्याच्या आश्रमात सोय झाली. महानामाने तिथे आसन अंथरले, पाय धुवायला पाणी ठेवले. सकाळी धम्मचर्चा निघाली तेव्हा यजमान भरण्डुचे आणि पाहुण्याचे मत जुळले नाही. भरण्डुने तीनदा एक सांगितले, भगवंतांनी तीनदा त्याच्या उलट सांगितले. प्रतिष्ठित महानामासमोर आपला अवमान झाला असे भरण्डुला वाटले आणि तो कपिलवस्तू सोडून गेला तो पुन्हा आलाच नाही. पाहुणा राहिला बाजूला, यजमानच घर सोडून गेला! ज्याच्या घरी झोपलो त्याची भीड धरून खोटे बोलायचे नाही, हेही यात दिसते.

आता त्या कुंभाराकडे येऊ. ही हकीकत मज्झिम निकायातील १४० व्या सुत्तात आहे. त्याचे नाव धातुविभंग सुत्त. नाव जड आहे, उपदेशही खोल आहे. पण त्याची सुरुवात मात्र अगदी आपल्या घरातल्यासारखी आहे.

भगवान मगध देशात चारिका करीत राजगृहाला आले आणि भग्गव नावाच्या कुंभाराकडे गेले. राजगृहाला वेळुवन होते, ते बिंबिसार राजाने दान दिलेले होते. राजाच्या बागेत जाता आले असते. पण ते गेले कुंभाराकडे. कुंभाराला त्या काळी समाजात काय मान होता तेही सांगतो. विनयपिटकातच हलक्या समजल्या जाणाऱ्या धंद्यांची एक यादी येते. त्यात बुरूड, कुंभार, विणकर, चांभार आणि न्हावी हे धंदे आहेत. लोक ज्यांना हलके म्हणत त्यांची ही यादी. म्हणजे मडकी घडवणाऱ्याच्या कामाच्या जागेत, चिखलमातीत, चाकाशेजारी रात्र काढायला भगवान गेले.

गेले आणि काय केले? तुला अडचण होणार नसेल तर तुझ्या कामाच्या जागेत एक रात्र राहीन, असे म्हणाले. कुंभाराचे उत्तर मला फार आवडते. मला काही अडचण नाही, तो म्हणाला, पण तिथे आधीच एक प्रव्रजित येऊन उतरला आहे, त्याची हरकत नसेल तर खुशाल राहा. बघा हं, जागा कुंभाराची. मोठा माणूस दारात आला म्हणून आधी आलेल्याला बाजूला सरक म्हणण्याचा हक्क त्याला होता. आपल्याकडे काय होते? पुढारी आला की पुढच्या रांगेत बसलेल्या म्हातारीला उठवतात. कुंभाराने ते केले नाही. आधी आलेल्याचा हक्क त्याने मानला. आणि भगवंतांनीही तो मानला. ते आत गेले आणि त्या तरुणाला विचारले, मित्रा, तुला अडचण नसेल तर मी इथे एक रात्र राहीन. तो म्हणाला, जागा ऐसपैस आहे, सुखाने राहा.

हा तरुण म्हणजे पुक्कुसाती. चांगल्या घरचा मुलगा, श्रद्धेने घर सोडून निघालेला. भगवंतांनी एका बाजूला गवताचे अंथरूण पसरले आणि ते बसले. रात्र बरीच उलटली तरी दोघेही स्थिर बसलेले. त्या मुलाचे बसणे पाहून भगवंतांना बरे वाटले, म्हणून त्यांनी विचारले की तू कोणाच्या नावाने घर सोडलेस, तुझा शास्ता कोण? पुक्कुसाती म्हणाला, शाक्यकुळातले श्रमण गोतम, त्यांच्या नावाने मी निघालो आहे. ते कुठे असतात? उत्तरेला श्रावस्तीला. त्यांना कधी पाहिले आहेस? पाहिलेस तर ओळखशील? नाही, कधी पाहिलेले नाही, पाहिले तरी ओळखणार नाही!

आणि हे तो कोणाला सांगतोय? समोर बसलेल्यालाच. दुसरा कोणी असता तर लगेच म्हणाला असता, अरे तो मीच. भगवंतांनी तसे काही म्हटले नाही. हा माझ्या नावाने निघाला आहे, तर याला धम्म सांगावा, असा विचार त्यांनी केला आणि सांगायला सुरुवात केली. त्याला कोण बोलतोय हे माहीत नव्हते, म्हणून भीड नव्हती. नाव ऐकून पटले असे व्हायचा प्रश्नच नव्हता. पटले तर ते सांगितलेल्या गोष्टीमुळेच पटणार.

त्या रात्री जे सांगितले ते थोडक्यात असे. ज्याला आपण माणूस म्हणतो तो सहा धातूंचा बनलेला आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश आणि विज्ञान, म्हणजे जाणीव. केस, नखे, दात, हाडे ही पृथ्वी. रक्त, घाम, आसवे हे पाणी. बाहेरची माती आणि आपल्या अंगातली माती एकच. कुंभाराच्या चाकाशेजारी बसून माती म्हणजे काय हे ऐकणे, मला तरी हा योग मोठा वाटतो. हे माझे नाही, हा मी नव्हे, असे या प्रत्येकाकडे पाहायचे. पुढे सोनाराचा दृष्टांत येतो. सोने तापवून शुद्ध केले की त्याची आंगठी करा, हार करा, हवे ते होते, तसे चित्त उपेक्षेत शुद्ध झाले की कामाला लवचीक होते. मग दिव्याचा दृष्टांत. तेल आणि वात संपली, नवी घातली नाही, की दिवा विझतो, तशा वेदना विझतात. सोनार, कुंभार, दिवा, तेल, वात. दाखले सगळे अंगणातले.

ऐकता ऐकता पुक्कुसातीच्या ध्यानात आले. असे सांगणारा दुसरा कोण असणार? शास्ता आपणहून माझ्याकडे आला आहे! तो उठला, चीवर एका खांद्यावर घेतले आणि पायांवर डोके ठेवले. त्याला वाईट कशाचे वाटले, तर आपण भगवंतांना 'आवुसो' म्हणालो. आवुसो म्हणजे बरोबरीच्या माणसाला हाक मारतात तसे, आपल्या 'अरे मित्रा'सारखे. त्याने क्षमा मागितली. चूक चूक म्हणून ओळखलीस आणि दुरुस्त केलीस, यातच वाढ आहे, असे सांगून भगवंतांनी ती दिली.

मग त्याने उपसंपदा मागितली. पात्र-चीवर पुरे आहे का, असे भगवंतांनी विचारले. ते पुरे नव्हते, आणि त्याशिवाय उपसंपदा देता येत नाही. पुक्कुसाती आनंदाने पात्र-चीवर शोधायला बाहेर पडला. आणि वाटेत एका मोकाट गाईने त्याला शिंगाने मारले. तो तिथेच गेला.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. एवढी रात्र झाली आणि सकाळी हे? भिक्खूंनाही ते लागले असावे. त्यांनी भगवंतांना विचारले, ज्याला आपण थोडक्यात धम्म सांगितला तो कुलपुत्र वारला, त्याची गती काय झाली? भगवंतांनी सांगितले की तो शहाणा होता, धम्माच्या वाटेने चालला, त्याने धम्मासाठी मला त्रास दिला नाही, तो अनागामी झाला. चीवर अंगावर न येताच!

अट्ठकथेत या गोष्टीला मोठी जोड दिली आहे. तिच्या मते पुक्कुसाती तक्षशिलेचा राजा होता आणि बिंबिसाराचा न पाहिलेला मित्र. बिंबिसाराने सोन्याच्या पत्र्यावर धम्म लिहून त्याला पाठवला, तो वाचून त्याने राज्य सोडले आणि १९२ योजने पायी चालत श्रावस्तीला आला. पण पत्र राजगृहाहून आलेले, म्हणून भगवान राजगृहालाच असतील असे समजून तो जेतवनाच्या दारावरून तसाच पुढे गेला, आणखी ४५ योजने. भगवान तेव्हा जेतवनातच होते! मग त्याच्यासाठी ते स्वतः एकटे, कोणाला न सांगता, राजगृहापर्यंत चालत आले. गोष्ट सुंदर आहे, प्रवचनात सांगितली की माणसे हलतात. पण मूळ सुत्तात राजाबिजा काही नाही, फक्त कुलपुत्र म्हटले आहे. मला सुत्तातलाच पुक्कुसाती जवळचा वाटतो. राजा असो की गवंड्याचा पोर, कुंभाराच्या पडवीत दोघांची अंथरुणे गवताचीच.

या कुंभाराचे मोल आपल्या माणसांना कोणी वेगळे सांगायला नको. १९०१ साली बाल भीमराव थोरले भाऊ आणि बहिणीच्या मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाले. वय अवघे दहा. पत्र वेळेवर न पोहोचल्याने मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आले नव्हते. जात कळल्यावर बैलगाडी मिळेना. दुप्पट भाड्यावर कशीबशी एक मिळाली. मध्यरात्रीच्या सुमारास एका टोलनाक्यापाशी मुक्काम पडला. जवळ जेवणाचा भरलेला डबा होता, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. पाण्याविना घास उतरेना, म्हणून पोरे उपाशीच निजली. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे. तोही एक न ठरलेला मुक्कामच. एका ठिकाणी कुंभार परक्याला विचारतो, आधीच्या पाहुण्याला चालेल ना? दुसऱ्या ठिकाणी पोरांना घोटभर पाणी नाही.

१९५६ नंतर खेडोपाडी धम्म पोहोचला तो अशाच मुक्कामांतून. भन्तेजी असोत, बौद्धाचार्य असोत, शेवटची एस.टी. चुकली की वस्तीत कोणाच्या तरी ओट्यावर घोंगडी पडायची आणि कंदिलाच्या उजेडात त्रिशरण-पंचशील व्हायचे. ठरलेल्या सभेपेक्षा अशा न ठरलेल्या रात्री म्हाताऱ्या माणसांना जास्त आठवतात, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे.

आता माझी गोष्ट. १९८७ सालचा डिसेंबर. विहाराच्या किल्ल्या तेव्हा माझ्याकडे असत. चैत्यभूमीची गर्दी ओसरली होती. रात्री साडेदहाच्या सुमारास एक वयस्क भिक्खू आणि त्यांच्याबरोबर एक श्रामणेर पोरगा दारात आले. गाडी चुकली, एक रात्र विहारात पडू का, असे त्यांनी विचारले. मी ओळखपत्र मागितले. कोणत्या विहाराचे, कोणाची चिठ्ठी आहे का, सगळे विचारले. चिठ्ठी नव्हती. मंडळाचा ठराव आहे, बाहेरच्याला परवानगीशिवाय ठेवता येत नाही, असे मी सांगितले. ठराव होता हे खरे. पूर्वी एकदा चोरी झाली होती हेही खरे. ते काही बोलले नाहीत, हात वर करून आशीर्वाद दिला आणि गेले. दोघांनी ती रात्र स्टेशनच्या बाकावर काढली, हे मला चार दिवसांनी कळले. शेजारच्या वस्तीत त्यांचे प्रवचन होते, तिथे मी जाऊन मागे बसलो होतो. त्या दिवशी त्यांनी राहुलची शौचकुटीची गोष्ट सांगितली. माझ्याकडे पाहून नव्हे, त्यांनी मला ओळखलेही नव्हते. तो श्रामणेर पोरगा मात्र ओळखून होता. कार्यक्रम संपल्यावर मी पाया पडलो आणि सगळे सांगितले. ते म्हणाले, बाकावर वारा चांगला होता. आणि मग गाडीची वेळ विचारली.

पुढच्या बैठकीत मी तो ठराव परत चर्चेला घेतला. तास-दोन तास वाद झाला, दोघेजण रागावून उठूनही गेले. अखेर ठरले की एका रात्रीपुरते कोणालाही विचारपूस करून ठेवायचे, किल्ली विहारासमोरच्या घरी राहील, आणि विहारात आधी कोणी उतरलेले असेल तर त्याला विचारून दुसऱ्याला जागा द्यायची. कपाटात दोन सतरंज्या आणि दोन चादरी ठेवल्या. पाण्याचा माठ दर उन्हाळ्यात नवा आणतो. या वर्षीचा आणायचे काम महिला मंडळाकडे आहे.